सांगावे, ओढू नये

श्रद्धा ज्याने त्याने आपल्या देवघरात ठेवावी, चारचौघांत तिची वाच्यता करू नये, आणि ख्रिस्ती माणसाने तर मुळीच करू नये, असे आता चांगली शिकलीसवरलेली माणसेही सहज बोलून जातात. बोलणाऱ्याच्या मनात द्वेष असतोच असे नाही. पुष्कळदा तो माझा जुना मित्र असतो, दर नाताळात माझ्या घरच्या करंज्या खाऊन गेलेला असतो, आणि काळजीपोटीच सांगतो की दिवस बरे नाहीत, तू तुझा येशू मनात ठेव. आमच्या मंडळीतले वडीलधारे वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी येऊन पोचतात. आपण बोलायचे कशाला, आपले आचरण बोलेल, असे त्यांचे म्हणणे. अगदी उलट टोकाला काही तरुण प्रचारक उभे आहेत. वेळ थोडा आहे, आत्मे नाशाला चालले आहेत, भेटेल त्याला धरा, असा त्यांचा घोष असतो.

या तिन्ही पक्षांशी माझे भांडण आहे. ख्रिस्ती माणसाने ऑफिसात, शेजारात, प्रवासात आपल्या श्रद्धेविषयी मोकळेपणाने बोलावे, असे माझे ठाम मत आहे. ते त्याचे स्वातंत्र्य आहे आणि त्याच्या प्रभूने त्याच्यावर सोपवलेले कामही आहे. पण ऐकणाऱ्याने 'नको' म्हटले, तर तो नकारही त्याने तितक्याच आदराने घेतला पाहिजे. सांगण्याचे स्वातंत्र्य आणि नाकारण्याचे स्वातंत्र्य एकमेकांच्या आड येतात, असे हे तिन्ही पक्ष धरून चालतात. मला वाटते, एक गेले की दुसरेही जाते.

आधी देवघराचा मुद्दा घेतो. महाराष्ट्रात श्रद्धा देवघरात कोंडून कधी राहिली? आळंदी-देहूहून पालख्या निघतात तेव्हा वाटेवरचे प्रत्येक गाव त्या श्रद्धेचा उच्चार ऐकते. कीर्तनकार लोकांना माळ घालायला सांगतो, दारू-मांस सोडायला सांगतो, आणि सांगताना आपल्याला जे सत्य वाटते ते आडपडदा न ठेवता मांडतो. महानुभावांनी आपला पंथ गावोगाव फिरूनच वाढवला. सत्यशोधकांचे जलसे भर चौकात होत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ साली येवल्यात धर्मांतराची घोषणा केली, पुढच्याच वर्षी मुंबईत 'मुक्ती कोन पथे?' हे प्रदीर्घ भाषण करून आपल्या लोकांसमोर धर्मांतराची कारणे उलगडून ठेवली, आणि १९५६ साली नागपुरात लाखोंच्या साक्षीने धम्मदीक्षा घेतली. मधल्या एकवीस वर्षांत ते वाचत होते, बोलत होते, वाद घालत होते. हे सगळे देवघराबाहेर घडले, आणि घडले म्हणूनच मराठी माणसाचे मन आज आहे तसे घडले. मग गप्प बसण्याचा नियम एकट्या ख्रिस्ती माणसापुरता कोणत्या न्यायाने लावायचा?

कुणी म्हणेल, ख्रिस्ती प्रचार परका, त्याच्याशी वाद घालण्याची रीत आपली नव्हे. इतिहास तसे सांगत नाही. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात कित्येक आठवडे जाहीर वाद झाले. विष्णुबुवांनी ख्रिस्ती मतावर कडाडून हल्ला केला, मिशनऱ्यांनी उत्तरे दिली, आणि वाळूत जमलेल्या लोकांनी दोघांचेही ऐकून घेतले. तोंड कुणाचेच बांधले गेले नाही. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. नगरला मिस फरार यांनी चालवलेली मुलींची शाळा त्यांनी पाहिली, आणि सावित्रीबाईंचे अध्यापनाचे शिक्षणही तिथल्या मिशनच्या आसऱ्याने झाले. ख्रिस्ती झालेले लेखक बाबा पदमनजी तर जोतीरावांच्या परिचयातले. इतका सहवास, इतके ऐकणे, आणि तरी जोतीरावांनी बाप्तिस्मा घेतला नाही. त्यांनी जे घ्यायचे ते घेतले, जे टाकायचे ते टाकले आणि १८७३ साली सत्यशोधक समाज काढला. पुढे पंडिता रमाबाई ख्रिस्ती झाल्या म्हणून पुण्यात गहजब उडाला, तेव्हा आपल्या 'सत्सार'च्या अंकात त्यांची बाजू घेणारेही जोतीरावच होते. दुसऱ्याची श्रद्धा कानावर पडल्याने ज्याचे मन हिरावले जाते असा मराठी माणूस आहे तरी कुठे? ऐकणारा माणूस विचार करतो. त्याला विचार करता येत नाही असे धरून त्याचे कान झाकायला निघणारे त्याचा आदर राखत नाहीत.

राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमात धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. 'प्रसार' हा शब्द ठेवावा की काढावा यावर डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत चांगलीच चकमक झाली. लोकनाथ मिश्र यांचा त्याला कडवा विरोध होता. बाजूने बोलले ते लक्ष्मीकांत मैत्र, टी. टी. कृष्णम्माचारी, कन्हैयालाल मुन्शी. यांतले कुणीही ख्रिस्ती नव्हते. कृष्णम्माचारींनी तर सांगितले की आपण वर्षानुवर्षे ख्रिस्ती संस्थांत शिकलो आणि आपल्याला बाटवण्याचा प्रयत्न कुणी केला नाही. पुढे १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगण्याचा हक्क या कलमात आहे, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा नाही. या निकालावर अनेक ख्रिस्ती लोक आजही नाराज आहेत. मला त्यातला भेद मान्य आहे, आणि तो न्यायालयाच्या धाकाने मान्य नाही. पौलाने करिंथच्या मंडळीला हेच बजावले होते: मी लावले, दुसऱ्याने पाणी घातले, वाढ मात्र देवाने दिली. एक माणूस दुसऱ्याचे हृदयपरिवर्तन करतो, असे ख्रिस्ती धर्मशास्त्र कधीच म्हणत नाही. पण मग त्या निकालाची दुसरी बाजूही मानायला हवी. माझ्याकडे तुम्हाला बदलण्याचा हक्क नसेल, तर स्वतः बदलण्याचा हक्क तुमचा आणि फक्त तुमचा आहे. काही राज्यांच्या कायद्यांत धर्म बदलण्याची सूचना आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला द्यावी लागते. माणसाने देवाशी काय नाते जोडावे, याची वर्दी सरकारी कचेरीत द्यायची हा प्रकार सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यात कुठेही बसत नाही.

हे झाले हक्काचे. पण विरोधकांच्या मनातली भीती केवळ हक्काच्या भाषेने जाणार नाही, कारण ती हवेतून आलेली नाही. गोव्यात १५६० साली पोर्तुगिजांचे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, आले आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत राहिले. १५६७ साली साष्टीतली देवळे पाडली गेली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला, असे देव घेऊन माणसे नदीपलीकडे गेली. त्याच साष्टीत पुढे फादर स्टीफन्स राहिले, आणि १६१६ साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' रायतूरला छापून निघाले. ओवीतला तो ग्रंथ मी प्रेमाने वाचतो. मराठी भाषेवर इतकी माया करणारा परदेशी माणूस विरळा. तरीही एक गोष्ट झाकून चालणार नाही: ज्या श्रोत्यांसाठी ते पुराण रचले गेले, त्यांच्या हातून जुनी पुराणे आधीच काढून घेतलेली होती. राजाची तलवार मागे उभी असताना केलेल्या उपदेशाला साक्ष म्हणता येत नाही, मग सांगणारा कितीही साधू असो. गोव्याच्या त्या इतिहासाचे समर्थन करणारा ख्रिस्ती माणूस मला भेटतो तेव्हा मी त्याच्याशी माझ्या हिंदू मित्रापेक्षा जास्त कडाडून भांडतो.

पण गोव्याचा दाखला देऊन आजच्या नगर-सोलापूरकडच्या ख्रिस्ती माणसाला झोडपायचे, हा सरळ अन्याय आहे. इथे दुसरा आरोप पुढे केला जातो, आमिषाचा. १८७६ ते ७८ चा दुष्काळ, नंतर शतकाच्या शेवटचे दुष्काळ, या काळात आमच्या भागातल्या महार-मांग वस्त्यांतली पुष्कळ घरे ख्रिस्ती झाली. माझे पूर्वज त्यांतलेच. धान्यासाठी बाटले, असे त्यांच्याबद्दल तेव्हाही म्हटले गेले आणि आजही म्हटले जाते. दुष्काळात धान्य वाटले गेले हे खरे, आणि काही जण केवळ धान्यासाठी आले व पाऊस पडल्यावर परतले हेही खरे. पण जे राहिले त्यांचे काय? त्यांनी बलुत्यातला वाटा गमावला, पाणवठ्यावर आणखी एक भांडण ओढवून घेतले, सोयरिकी तुटल्या, आणि तरी ते पिढ्यान् पिढ्या राहिले. शास्त्री-पंडितांच्या घरातला माणूस धर्म बदलतो तेव्हा त्याच्या आत्म्याच्या तळमळीवर ग्रंथ लिहिले जातात. महारवाड्यातला माणूस तेच करतो तेव्हा त्याच्या पोटाचा हिशेब काढला जातो. त्याला आत्मा होता, त्याने रात्री जागून विचार केला असेल, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात त्याला आपल्या माणूसपणाची ओळख पटली असेल, हे मानायला आपण तयार नसतो. आमिषाच्या आरोपाच्या तळाशी पुष्कळदा ही जुनी जातवार नजर आहे, आणि तिचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाणे मला शक्य नाही. (ती नजर आमच्या मंडळ्यांतही शिरली. लग्न जुळवताना पूर्वीची जात विचारणारी ख्रिस्ती घरे आजही आहेत, आणि तितक्या प्रमाणात आम्हीच आमची साक्ष खोटी पाडतो.)

आज तर आमिषाचा हिशेब उलटाच बसतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो आजही नाही. म्हणजे आमच्या मंडळीत येणाऱ्या दलित तरुणाच्या हातून काही जाते ते शिष्यवृत्ती, राखीव जागा आणि कायद्याचे विशेष संरक्षण. शिवाय इतक्या वर्षांच्या कथित धर्मांतराच्या लाटेनंतर २०११ च्या जनगणनेत भारतातले ख्रिस्ती २.३ टक्के निघाले, आणि महाराष्ट्रात एक टक्काही पुरते नव्हते, साधारण पावणेअकरा लाख. हे आकडे पाहून तरी माझ्या मित्राची काळजी कमी व्हावी.

पंडिता रमाबाईंच्या प्रकरणापाशी मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण तिथे प्रश्न खरोखर अवघड आहे. १८८९ साली मुंबईत निघालेले शारदासदन पुढच्या वर्षी पुण्यात आले. विधवांना शिक्षण द्यायचे, धर्माच्या बाबतीत कुणावर जबरदस्ती करायची नाही, अशी बोली होती. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळात होती. रमाबाई आपल्या खोलीत सकाळी प्रार्थना करत, खोलीचे दार उघडे असे, आणि काही मुली येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने झोड उठवली. १८९३ साली रानडे-भांडारकरांनी राजीनामे दिले.

रमाबाईंनी दार लावून घ्यायला हवे होते का? माझे उत्तर ठामपणे नाही असे आहे. जिने स्वतः इतक्या यातनांतून आपला प्रभू शोधला, तिने त्याच्याशी चोरून बोलावे अशी अपेक्षा करणेच क्रूरपणाचे आहे. आणि ज्या मुलींना तोवर कुणी कशातच निवड करू दिली नव्हती, त्यांनी एका उघड्या दारातून आत जायचे की नाही एवढी निवड केली तर त्यात आभाळ कोसळले नाही. पण रानड्यांच्या अस्वस्थतेतही तथ्य होते. डोक्यावर दुसरे छप्पर नसलेली मुलगी आणि ते छप्पर देणारी बाई यांचे नाते बरोबरीचे नसते. देणाऱ्याने काही न मागता, काही न सुचवताही घेणाऱ्याला वाटू शकते की उपकाराची फेड केली पाहिजे. म्हणून जिथे माझ्या हातात दुसऱ्याचे अन्न, औषध, पगार किंवा परीक्षेतले गुण आहेत, तिथे मी माझ्या श्रद्धेबद्दल बोलताना दहापट जपले पाहिजे. शिक्षकाने वर्गात, डॉक्टरने शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री, मालकाने मोलकरणीशी बोलताना आधी समोरच्याला खरोखर नाही म्हणता येईल का हे पाहावे. येत नसेल तर गप्प बसावे. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या धर्मस्वातंत्र्यावरील जाहीरनाम्यात गरीब व अशिक्षितांच्या बाबतीत हाच इशारा दिला. २०११ साली व्हॅटिकन, जागतिक चर्च परिषद आणि जगभरच्या इव्हँजेलिकल मंडळ्यांचा महासंघ यांनी मिळून साक्ष देण्याविषयी जे निवेदन काढले, त्यातही आमिष आणि अगतिकतेचा फायदा घेणे या दोन्ही गोष्टी निषिद्ध ठरवल्या. आमच्या किती मंडळ्यांत ते निवेदन वाचून दाखवले गेले, हा प्रश्न मी पाळकांना जाहीरपणे विचारतो.

आता आमच्या वडीलधाऱ्यांकडे वळतो. आचरण बोलेल, तोंड उघडायची गरज नाही, या मताला ते असीसीच्या संत फ्रान्सिसचा आधार देतात. शुभवर्तमान सदैव सांगा, लागलेच तर शब्द वापरा, अशा अर्थाचे वचन त्याच्या नावावर फिरते. त्याच्या लेखनात ते कुठेही नाही. फ्रान्सिस तर गल्लोगल्ली उपदेश करत फिरला, आणि १२१९ साली धर्मयुद्ध पेटलेले असताना इजिप्तच्या सुलतानापुढे निःशस्त्र जाऊन उभा राहिला. त्याने खरोखर लिहिले ते यापेक्षा फार मोलाचे आहे. १२२१ च्या नियमावलीत मुसलमानांमध्ये जाणाऱ्या बंधूंना त्याने दोन मार्ग सांगितले. एक, भांडण-तंटा न करता सर्वांच्या सेवेत राहावे आणि आपण ख्रिस्ती आहोत हे न लपवावे. दुसरा, देवाची इच्छा दिसेल तेव्हा वचन सांगावे. सेवा आहे, कबुली आहे, योग्य वेळेची वाट पाहणे आहे आणि शेवटी शब्दही आहे.

गांधीजींचा गुलाब या चर्चेत हमखास येतो. गुलाब प्रवचन करत नाही, त्याचा सुगंधच पुरे, असे ते मिशनऱ्यांना सांगत. गांधीजींबद्दल मला नितांत आदर आहे, पण या बाबतीत त्यांचे आयुष्यच त्यांच्या दृष्टान्ताला उत्तर देते. अहिंसा, खादी, अस्पृश्यतानिवारण यांसाठी त्यांनी वृत्तपत्रे चालवली, हजारो भाषणे केली, पत्रे लिहिली, लोकांना आपले आयुष्य बदलायला सांगितले. सत्य सापडले असे ज्याला वाटते त्याला ते बोलल्यावाचून राहवत नाही, आणि त्यांनाही राहवले नाही.

नुसत्या आचरणाच्या मतात आणखी एक खोट आहे, ती मला फार बोचते. मिरजेच्या मिशन इस्पितळासारख्या ठिकाणी आमच्या किती मुलींनी परिचारिका म्हणून रात्री जागवल्या. रोगी बरा होऊन घरी जाताना म्हणतो, ताई, तुम्ही देवमाणूस आहात. तिथे ती काहीच बोलली नाही, तर सगळे श्रेय तिच्याकडे जमा होते. मी देवमाणूस वगैरे नाही, माझीही चिडचिड होते, पण ज्याच्याकडून मला बळ मिळते तो येशू आहे, एवढे एक वाक्य ती बोलली तर तिने कुणाला बाटवले? तिने खरे सांगितले. मौनाला आपण नम्रता समजतो, आणि त्या मौनात आपलाच मोठेपणा वाढत जातो. पेत्राने आपल्या पत्रात आशेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा असे सांगितले, आणि लगेच जोडले की ते सौम्यतेने आणि आदराने द्या. वडीलधाऱ्यांनी पहिला भाग गाळला आणि उत्साही प्रचारकांनी दुसरा.

या प्रचारकांबद्दल मी अधिक कठोरपणे लिहिणार आहे, कारण ते माझ्या घरचे आहेत. मी एका प्रशिक्षण शिबिराला गेलो होतो. तिथे प्रत्येकाच्या हातात एक तक्ता दिला: नाव, फोन नंबर, किती वेळा भेट, 'निर्णय' घेतला की नाही. शेजारची काकू, रिक्षावाला, मुलाच्या वर्गशिक्षिका, सगळ्यांची नावे रकान्यात भरायची आणि महिन्याअखेर आकडा कळवायचा. ज्यांच्या घरी मी चहा पितो त्यांना मी रकान्यात कसे भरू? त्या शिबिरातून मी उठून आलो, आणि असे तक्ते जिथे जिथे भरले जातात तिथे ते फाडून टाकावेत असे मी उघडपणे म्हणतो. एका माणसाला आपल्या पंथात आणण्यासाठी समुद्र आणि जमीन पालथी घालणाऱ्यांना येशूने किती कठोर शब्द ऐकवले, ते मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात आहेत. मैत्री ही आकड्यासाठी केलेली गुंतवणूक आहे असे कळल्यावर ज्याचे मन दुखावते, त्याची बाजू न्याय्य आहे.

तसेच दुसऱ्यांच्या देवांची निंदा. तसेच कर्करोगाच्या रोग्याला औषध सोड, प्रार्थनेने बरा होशील, असे सांगणे, जे कुटुंबाला आयुष्यभर पुरणारे पाप आहे. तसेच लहान मुलांना आईबापांच्या नकळत प्रार्थनेला नेणे. वेळ थोडा आहे या सबबीखाली यांतले काहीही खपवून घेता येत नाही. येशूलाही वेळ थोडाच होता. शोमरोनातल्या एका गावाने त्याला ठेवून घेतले नाही, तेव्हा शिष्य म्हणाले, आकाशातून अग्नी पाडू का? त्याने त्यांनाच धमकावले आणि तो दुसऱ्या गावाला गेला. श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला, तेव्हा तो त्याच्या मागे धावला नाही. भाकरी खाऊन तृप्त झालेले लोक दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, तर त्याने त्यांना तुम्ही भाकरीसाठी आलात हे तोंडावर सांगितले, आणि पुष्कळ जण सोडून गेले तसे जाऊ दिले. नकार इतक्या शांतपणे स्वीकारणारा गुरू ज्यांना लाभला, त्यांनी कुणाच्या मागे लागावे हे मला समजूच शकत नाही.

मग रोजच्या जगण्यात साक्ष द्यायची तरी कशी? मराठी ख्रिस्ती माणसाला याचा धडा शोधायला दूर जावे लागत नाही. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन प्रवासी भेटला. संस्कृत काव्यावर दोघांच्या गप्पा रंगल्या. त्या माणसाने उतरण्याआधी त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना तेव्हा ते मुळीच पटले नाही. पण त्यांनी पुस्तक वाचले, डोंगरावरच्या प्रवचनाशी येऊन अडकले, आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या प्रवाशाचे नाव त्यांना कधी कळले नाही. त्याने पाठलाग केला नाही, पत्ता मागितला नाही. ज्याला कविता आवडते त्याच्याशी आधी तो कवितेबद्दल बोलला.

ती आगगाडीतली भेट सगळ्यांना ठाऊक असते. मला त्याहून मोठे वाटते ते पुढे टिळकांच्या घरात घडले, आणि ते लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवले. नवऱ्याने धर्म सोडल्यावर ही बाई दुःखाने वेडीपिशी झाली. दोघे बराच काळ वेगळे राहिले. पुढे लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नगरला आल्या, त्याही आपले सोवळे आणि आपली चूल वेगळी राखून. त्या काळात बायकोवर नवऱ्याची सत्ता केवढी होती! टिळक स्वभावाने तापट, आणि नव्या श्रद्धेने भारलेले. मनात आणते तर त्यांनी एका दिवसात लक्ष्मीबाईंना बाप्तिस्म्याला उभे केले असते. त्यांनी तसे केले नाही. घरात बायबल होते, भजने होती, वाद होते, रुसवे होते, आणि लक्ष्मीबाई आपल्या गतीने, आपल्या बुद्धीने विचार करत होत्या. जातीपातीचा पीळ त्यांच्या मनातून सुटला तो त्यांच्याच विचाराने, कुणाच्या उपदेशाने नव्हे. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. टिळकांच्या मृत्यूनंतर त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य पुढे नेण्याचे काम ज्या बाईने हाती घेतले, ती ओढून आणलेली बाई असती तर ते काम झाले असते का? रोज एका छपराखाली राहून सांगत राहणे आणि थांबून राहणे दोन्ही एकाच माणसाला जमू शकते, याचा हा पुरावा आहे.

म्हणून मी माझ्यापुरते असे ठेवले आहे. गुड फ्रायडेला सुट्टी का घेतलीस असे कुणी विचारले की मी विषय बदलत नाही, दोन मिनिटांत सांगतो. नाताळचा फराळ वाटताना सण कशाचा ते बोलतो, कारण दिवाळीचे ताट आणणारी शेजारीणही नरकासुराची गोष्ट सांगायला लाजत नाही, आणि मी ती दरवेळी मन लावून ऐकतो. कुणाच्या घरी आजार आला तर मी तुमच्यासाठी प्रार्थना करू का असे विचारतो. हो म्हटले तर करतो, नको म्हटले तर डबा पोचवतो, आणि डबा हो म्हणणाऱ्यालाही तेवढाच पोचतो. बायबल मागितल्याशिवाय देत नाही. मागितले तर ते नेणाऱ्याला नंतर वाचलेस का असे विचारत नाही. माझा एक वारकरी सहकारी दरवर्षी आषाढीला मला वाखरीपर्यंत चल म्हणून आग्रह करतो. एकदा गेलोही. त्याने मला विठोबाबद्दल जे सांगितले ते त्याच्या पोटातून आलेले होते, आणि त्याने ते सांगितले नसते तर आमची मैत्री अर्धी राहिली असती. माझ्याकडून त्याला येशूबद्दल ऐकण्याचा हक्क त्याने याच मैत्रीत मिळवला आहे.

या सगळ्यावर माझ्याच मंडळीतला एक बंधू मला खोचून विचारतो: दाराची ये-जा दोन्ही बाजूंनी खुली ठेवायची म्हणतोस, मग उद्या तुझाच मुलगा कॉलेजातल्या मित्राचे ऐकून बौद्ध व्हायचे म्हणाला तर? प्रश्न योग्य आहे आणि त्याला उत्तर देणे मी टाळणार नाही. मला वेदना होतील. मी त्याच्याशी भांडेन, त्याने वाचलेला 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मीही वाचेन आणि पानापानावर त्याला अडवेन, रात्री त्याच्यासाठी प्रार्थना करेन आणि ती करतो हे त्याला सांगेनही. त्याच्या फीचे पैसे थांबवणार नाही, नातेवाइकांकरवी दबाव आणणार नाही, त्या मित्राला घरात यायला बंदी करणार नाही. तो दीक्षा घ्यायला निघाला तर दीक्षाभूमीपर्यंत त्याच्याबरोबर जाईन. माझ्या शेजाऱ्याकडून मी ज्या स्वातंत्र्याची अपेक्षा करतो, ते माझ्या मुलाला नाकारण्याचा अधिकार मला कुठून मिळणार?